दवंडी कायद्यातच लिहिली आहे

(28 सप्टेंबरला, माहिती अधिकार दिनी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात झालेलं व्याख्यान. शब्दांकन करताना थोडं संपादन केलं आहे.)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, आणि सोयाबीन सोंगणीला आलेलं असताना, वर आभाळ दाटलेलं असताना वावर सोडून इथं येऊन बसलेल्या माय-बापांनो, सगळ्यांना रामराम, जय भीम, जय गुरू.

पत्रिकेवर विषय छापला आहे, 'माहिती अधिकाराचं कलम 4 आणि आपली ग्रामपंचायत'. बोलायचं त्यावरच आहे. पण कोणी मागायच्या आधीच सरकारनं स्वतःहून सांगावं असं म्हणणारं हे कलम मी पुस्तकात वाचलं त्याच्या कितीतरी आधी आमच्या घरच्या खुंटीवर टांगलेलं होतं, डफड्याच्या रूपानं. म्हणून आधी थोडं त्या डफड्याबद्दल.

माझे बाबा आमच्या गावचे कोतवाल होते. साठीच्या पुढच्या मंडळींना कोतवालाची दवंडी आठवत असेल. पावसाळ्यात डफड्याचं चामडं सैल पडे. मग बाबा ते चुलीपुढं धरून शेकायचे, बोटानं टिचकी मारून आवाज पाहायचे. आवाज टणटणीत झाला की निघायचे. त्यांच्या थांबायच्या जागा ठरलेल्या होत्या. मारोतीचा पार, वाड्यापुढचं आवार, पाण्याची विहीर, बाजाराचा ओटा, असं करत सगळ्यात शेवटी आमची वस्ती. 'ऐका हो ऐका! उद्या सकाळी चावडीवर तलाठी साहेब येनार हायेत. ज्याचा सारा बाकी हाय त्यानं भराले यावं हो!' तीनदा डफडं, एकदा हाक. हाक झाली की ते लगेच पुढं जायचे नाहीत. उभे राहायचे. कारण लोक विचारायचे. 'किती वाजता?' 'मांगच्या सालचा बी घेतीन काय?' 'मालक घरी नाई, बाईमानूस आलं तं चालते काय?' ठाऊक असेल ते सांगायचे. नसेल तर म्हणायचे, 'इचारून सांगतो.' आणि संध्याकाळी खरंच विचारून येऊन सांगायचे. विहिरीजवळची एक म्हातारी कानानं कमी होती, ती दारातून हात करायची. तिच्यासाठी पुन्हा एकदा, तिच्या ओट्यावर जाऊन.

बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तलाठ्यानं हुकूम एकदा वाचून दाखवला की तो डोक्यात पक्का बसायचा. तीस वर्षं त्यांनी या गावाहून त्या गावाला तलाठ्याचं दप्तर डोक्यावर वाहिलं. त्या दप्तरात काय लिहिलं आहे ते त्यांना कोणी कधी वाचून दाखवलं नाही. सरकारचा शब्द घरोघर पोचवणारा माणूस चावडीत मात्र उंबऱ्याजवळ बसायचा. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं, ते असल्याच जगण्यातून माणूस सोडवायला. तो विषय मोठा आहे, आज त्यात जात नाही. एवढंच सांगतो की माहिती कशी पोचते आणि कुठं अडते, या दोन्ही गोष्टी मी लहानपणी एकाच माणसात पाहिल्या. पुढं शिकलो, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो, पण तो उंबरा डोक्यातून गेला नाही.

आता परवाची तारीख पाहा. 30 सप्टेंबर. परवा आपल्या जिल्ह्याची नजरअंदाज पैसेवारी जाहीर होईल. 31 ऑक्टोबरला सुधारित, 31 डिसेंबरला अंतिम. पेपरात आतल्या पानावर एक चौकट येईल, इतक्या गावांची पैसेवारी 50 च्या आत, इतक्यांची वर. पैसेवारी म्हणजे ठरलेल्या प्रमाण उत्पन्नाला शंभर पैसे धरले तर यंदाचं पीक किती पैसे भरलं तो आकडा, हे या सभेला समजावून सांगायची गरज नाही. पण ती 50 च्या आत येण्यावर काय काय लोंबकळत असतं ते एकदा आठवू. जमीन महसुलात सूट, सोसायटीच्या कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात 33.5 टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या अटी ढिल्या, लागेल तिथं टँकर. 2016 च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवायचे निकष बदलले हे खरं, पण पैसेवारी निघायची थांबलेली नाही. गावाच्या कपाळावर दरवर्षी एक आकडा लिहिला जातो. आणि तो कोणी, कुठल्या वावरात उभं राहून लिहिला, हे गावाला माहीत नसतं.

आमच्या गावाचं 2014 चं सांगतो. वेळ जाईल, पण सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातून आलेलं आहे.

त्या साली जून कोरडा गेला. पेरण्या जुलैत ओढल्या गेल्या. सोयाबीन फुलावर आलं तेव्हा पावसानं पाठ फिरवली. शेंगा धरल्या त्या पोचट. माझं चार एकर वावर आहे. मी सातवीची दोन पोरं सोबत घेतली, दोरी घेतली, चार खुंट्या ठोकल्या, दहा मीटर बाय दहा मीटर. म्हणजे जवळपास एक गुंठा. तेवढंच वेगळं सोंगलं, ताडपत्रीवर झोडपलं, उपणलं आणि दुकानातून काटा आणून तोललं. 6 किलो 200 ग्राम. पोरांना म्हटलं, आता हेक्टरी काढा. शंभरनं गुणलं की झालं, 6 क्विंटल 20 किलो. गणिताचा तो तास त्या पोरांना अजून आठवतो, एक जण आता मला भेटला की 'सर, सहा-वीस' म्हणतो.

31 डिसेंबरला अंतिम पैसेवारी आली. आमचं गाव 54 पैसे. चार पैशांनी वर.

गावात बोलणं सुरू झालं. कोणी म्हणे साहेबांनी गाडीतूनच पाहिलं, कोणी म्हणे शेजारच्या गावाचा आकडा लावला. बोलणं पारावर होतं आणि पारावरच विरतं. मी जानेवारीत अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं आणि तीन गोष्टी मागितल्या. पैसेवारी काढायला काही वावरांतलं पीक कापून तोलतात, त्या पीक कापणीसाठी आमच्या गावात निवडलेले गट नंबर, प्रत्येक ठिकाणचं उत्पन्न, आणि पंचनाम्यावर सह्या असलेली कागदं. कोणतं कार्यालय ते नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं, 'आपण मागितलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.' कायदा काय म्हणतो? तुमच्याकडे नसेल तर पाच दिवसांत ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे अर्ज पाठवा, कलम 6 (3). तो पाठवला गेला नाही. मी वीस रुपयांचं स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं.

सुनावणी मार्चअखेर झाली. अपिलाचे अधिकारी भला माणूस निघाले. त्यांनी माझं बोलणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, 'गुरुजी, तुम्ही अभिलेख पाहून घ्या, हवं ते नक्कल करून न्या.' एका तरुण लिपिकाला सोबत दिलं. त्या पोरानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि रॅकवरून एक गठ्ठा काढला. सुतळीनं बांधलेला, वरच्या पुठ्ठ्याचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. सुतळीची गाठ सुटेना, त्यानं दातानं सोडवली. आणि त्यात होती कागदं. 'उपलब्ध नाही' म्हटलेली. दोन रुपये पानाप्रमाणे चौदा पानं घेतली. अठ्ठावीस रुपयांची ती पावती अजून माझ्या घरी आहे.

ती चौदा पानं मी आठवडाभर घेऊन बसलो. मास्तर माणूस, कागद वाचायची सवय. हस्ताक्षर एकाच हाताचं आहे, पेनही एकच, एवढं दिसलं. पण त्यात गुन्हा काय? एकच जण लिहीत असेल. आकड्यांच्या बेरजा बरोबर होत्या. प्रमाण उत्पन्न साडेसतरा क्विंटल, आपलं सरासरी 9 क्विंटल 40 किलो, भागाकार केला की 54 पैसे. चूक कुठंच नाही. मी हिरमुसलो. म्हटलं, बहुतेक आपलंच वावर जास्त वाईट पिकलं असेल, गावाचं चांगलं असेल.

1 मे 2015. ग्रामसभा. शाळेच्या आवारात निंबाखाली साठ-सत्तर माणसं. कोरम म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, दोन्हींत जे कमी ते. आधीची सभा कोरमअभावी तहकूब झालेली, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून ही चालली. मी सरपंचांना म्हटलं, मला पंधरा मिनिटं द्या, कागद वाचायचे आहेत. त्यांनी दिली. यात त्यांचं श्रेय आहे, कारण कागदावर ग्रामपंचायतीचीही सही होती.

मी वाचायला लागलो. 'गट नंबर 112. पीक सोयाबीन. जमीन मध्यम. उत्पन्न हेक्टरी...'

'थांब बापू.' बायकांच्या बाजूनं आवाज आला. एक सत्तरीची बाई, नऊवारी, हातात इळा, वावरातून सरळ आलेली. 'कोनता नंबर म्हनला?'

'एकशे बारा, मावशी.'

'थे तं माह्यं वावर हाय. माह्या वावरात पऱ्हाटी होती. सोयाबीन कोनं पेरलं माह्या वावरात?'

निंबाखाली आवाज बंद. मी पुढचा कागद घेतला. त्यावर पंच म्हणून गावातल्या एका काकाजींची सही, चांगली वळणदार, आडनावासकट. ते समोरच बसले होते. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, 'मास्तर, मी अंगठा करतो. मले सही कराले कोनं शिकवलं?' लोक हसले, तेही हसले, पण ते हसू लगेच विझलं. तिसऱ्या कागदावरचं वावर त्या साली पडीत होतं, मालक पुण्याला कामाला गेला होता. त्याच्या भावानंच सांगितलं.

दहा मिनिटं. मी आठवडाभर त्या कागदांत डोकं घालून बसलो होतो, मला एक चूक सापडली नव्हती. आणि अक्षर न ओळखणाऱ्या बाईनं ती एका वाक्यात काढली. कारण एकशे बारा नंबरात काय पेरलं होतं हे मला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं. माझ्याकडे कागद होता, तिच्याकडे वावर होतं. दोन्ही एका ठिकाणी आले तेव्हा त्या कागदातून माहिती निघाली. तोवर ती नुसती शाई होती.

ठराव झाला, प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला, वर गेला. त्या सालची पैसेवारी बदलली नाही. हंगाम संपला होता, फाईल बंद झाली होती. आमच्या गावातल्या पोरांनी परीक्षा फी भरली, पंपाचं बिल पूर्ण आलं. याचं दुःख मला आजही आहे आणि ते मी लपवत नाही. पण पुढच्या साली पीक कापणीला माणसं आली तेव्हा आदल्या दिवशी गावात निरोप आला. धुऱ्यावर तीस-पस्तीस माणसं उभी होती. टेप लावला, सोंगलं, मळलं, काट्यावर ठेवलं, आणि काटा काय म्हणतो ते त्या मंडळ अधिकाऱ्यांनी मोठ्यानं सांगितलं. मी माझ्या कानानं ऐकलं. कोणी सांगितलं होतं त्यांना मोठ्यानं सांगायला? कोणी नाही. माणसं समोर उभी असली की आवाज आपोआप मोठा होतो.

(चिठ्ठी आली आहे. अध्यक्ष लिहितात की मंदिरात आठला भजन आहे आणि दिग्रसकडची गाडी पावणेआठची. म्हणजे माझ्याकडे वीस मिनिटं. पुरवतो.)

हे आमच्याच गावात घडलं असं नाही. मुळात हा कायदाच मोठ्यानं वाचण्यातून जन्माला आलेला आहे. राजस्थानात अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेनं डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. तंबू ठोकला आणि मजुरांचा हजेरीपट वाचायला सुरुवात केली. लोक ऐकत होते आणि सांगत होते, हा कधी कामावर नव्हता, त्याला पैसेच मिळाले नाहीत. मग 1996 ला ब्यावरमध्ये चाळीस दिवसांचं धरणं. 'हमारा पैसा, हमारा हिसाब.' आपल्या महाराष्ट्रात अण्णा हजारे 2003 च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि राज्याचा माहिती अधिकार कायदा लागू झाला. 12 ऑक्टोबर 2005 पासून देशाचा कायदा पूर्ण अमलात आला. पण या प्रवासात एक गोष्ट हातातून सुटली. सुरुवातीला गाव कागद ऐकत होतं. आता एक माणूस अर्ज करतो, त्या एका माणसाला उत्तर येतं, आणि तो कागद त्याच्या पिशवीत राहतो.

त्यातून दोन आजार झाले, ते स्पष्ट बोलतो. पहिला, पिशवीतल्या कागदाला भाव येतो. काही लोकांनी त्याचा धंदा केला, अर्ज करायचा आणि मागे घ्यायचे पैसे घ्यायचे. त्यामुळं प्रामाणिक अर्ज करणाऱ्यालाही कार्यालयात 'आला अर्जवाला' म्हणतात. मलाही म्हणाले आहेत, आणि ते मला लागलं. दुसरा आजार जास्त भयंकर आहे. जे एकट्यालाच ठाऊक आहे, ते त्या एकट्याला संपवलं की संपतं. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींनी जमिनींचे व्यवहार उघड केले, 13 जानेवारी 2010 ला सकाळी त्यांचा खून झाला. ज्या दिवशी कागद निंबाखाली सत्तर माणसांनी ऐकला, त्या दिवसापासून तो विकताही येत नाही आणि त्याच्यासाठी कोणाला मारून उपयोगही नाही.

आता कलम 4. पटापट सांगतो, जमेल त्यांनी लिहून घ्या.

आपण कायदा म्हटला की अर्ज समजतो. अर्ज हा कलम 6. त्याच्या आधी कलम 4 आहे, ते म्हणतं की कोणी मागायची वाट पाहू नका, स्वतःहून सांगा. 4 (1) (ब) मध्ये सतरा बाबी आहेत. कार्यालयाची कामं काय, अधिकार कोणाला, निर्णय कसा होतो, अंदाजपत्रक किती, खर्च किती, अनुदानाच्या योजना कशा राबवल्या आणि लाभार्थी कोण. कायदा झाल्यापासून 120 दिवसांत हे प्रसिद्ध व्हायचं होतं. वीस वर्षं उलटली. तुमच्या ग्रामपंचायतीत या सतरा बाबींची वही कुठं आहे ते उद्या जाऊन विचारा.

विचारलं की उत्तर येतं, 'संकेतस्थळावर आहे,' 'फलकावर लावलं आहे.' आमच्या पांदण रस्त्याच्या कामाचा फलक मी पाहिला आहे. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, कामाचं नाव आहे, योजनेचं नाव आहे, उद्घाटन करणाऱ्यांची नावं आहेत. 'मंजूर रक्कम' लिहून पुढं दोन टिंबं दिली आहेत आणि टिंबांच्या पुढं काही नाही. ग्रामपंचायतीच्या नोटीस बोर्डाला जाळीचं दार, दाराला कुलूप, आत उन्हानं पिवळा पडलेला कागद, वरच्या दोन ओळी पुसलेल्या. आणि संकेतस्थळ म्हणाल तर माझ्या त्या मावशीनं ते कधी उघडायचं?

म्हणून कलम 4 चं पोटकलम चार वाचा. माहिती प्रसृत करताना खर्च, स्थानिक भाषा, आणि त्या भागात पोचवण्याचं सर्वांत परिणामकारक साधन विचारात घ्या, असं त्यात आहे. आणि प्रसृत करणं म्हणजे काय याचं स्पष्टीकरण त्याच्या खालीच दिलं आहे. सूचना फलक, वर्तमानपत्र, लोकांत जाहीर पुकारा, प्रसारमाध्यमं, इंटरनेट, किंवा दुसरं कोणतंही साधन. जाहीर पुकारा, भाऊ. माझ्या बाबांचं डफडं संसदेनं पास केलेल्या कायद्यात आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाबा नव्हते. असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं, त्यांच्या ओट्यावर बसून.

ग्रामसभेत वाचून दाखवा अशी मागणी म्हणजे मेहरबानी मागणं नाही. चावडीवाचन आपल्या महसूल खात्याची जुनी रीत आहे. सातबारा संगणकावर चढवला तेव्हा चुका काढायला सरकारनंच पुन्हा गावोगाव चावडीवाचन घेतलं. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यात कलम 17 नं ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा, म्हणजे कामांचा हिशेब गावानंच तपासायचा अधिकार दिला. आणि आपल्याच विदर्भात, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत त्या गावानं अभ्यास मंडळात बसून कायदे समजून घेतले, 2009 ला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, 2011 ला बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात घेतला. तिथं एक माणूस अर्ज घेऊन फिरत नव्हता, गाव बसून ऐकत होतं.

एक अडचण सांगितली पाहिजे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम 8 (1) (जे) बदललं. आधी वैयक्तिक माहितीसुद्धा व्यापक लोकहितासाठी देता येत होती, तसं त्या कलमातच लिहिलेलं होतं. आता नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं. उद्या तुम्हाला कोणी म्हणेल, घरकुलाची यादी वाचू नका, त्यात नावं आहेत. तेव्हा दोन गोष्टी सांगा. लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते हे कलम 8 (2) अजून जागेवर आहे. आणि लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगणारी कलम 4 मधली बाब कोणी काढलेली नाही. हा बदल मला मान्य नाही. सार्वजनिक पैशातून घर मिळालं तर ते कोणाला मिळालं हे गावानं जाणणं, यात कोणाची खासगी गोष्ट उघडी पडते?

अपिलाचंही खरं सांगतो. पहिलं अपील तीस दिवसांत करा, निकाल फार तर पंचेचाळीस दिवसांत यायला हवा. दुसरं अपील आपल्याला राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे, नव्वद दिवसांत. दंड दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000. कागदावर सगळं चांगलं आहे, पण दुसरं अपील पडून राहतं, तारखेची वाट पाहता पाहता हंगाम निघून जातात. म्हणूनही मी वाचनावर जोर देतो. वाचनाला अपील लागत नाही.

चार दिवसांनी 2 ऑक्टोबर आहे. ग्रामसभा आहे. सगळं मागू नका, एका सभेत एवढं वाचून होत नाही. नमुना 5, रोकड वही, तिचे मागचे तीन महिने. ज्या कामावरून गावात कुजबुज आहे त्या एका कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका. घरकुलाची यादी, क्रमासकट. आणि यंदाच्या पीक कापणीसाठी कोणते गट नंबर निवडले आहेत ते. ते आताच मागा, कापणी व्हायच्या आधी, म्हणजे धुऱ्यावर जाऊन उभं राहता येईल.

वाचायला ग्रामसेवकांना सांगू नका. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं आणि तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी, 2024 पासून पदांची नावं बदलली आहेत, जीभ वळायला वेळ लागतो. ते बिचारे घाईनं वाचतात, त्यांच्यावर दहा कामं असतात. दहावीतल्या एखाद्या मुलीला वाचू द्या. आधी नंबर, मग नाव, मग रक्कम. एक ओळ झाली की थांबायचं, मनात दहा अंक मोजायचे, मग पुढची ओळ. त्या थांबण्यातच मावशी बोलते. माईक बायकांच्या बाजूला ठेवा, पुढाऱ्यांच्या नाही. ज्यानं जे विचारलं ते तसंच्या तसं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या, उत्तर नसेल तर 'विचारून सांगतो' असं लिहा आणि पुढच्या सभेत तिथूनच सुरुवात करा.

कामाच्या मालाचा नमुना घेणं, काम जाऊन पाहणं, हेही कलम 2 (जे) मध्ये आहे, त्यावर बोलायचं राहिलं. रेशनचं राहिलं. पीक विम्याचं तर पूर्णच राहिलं, उंबरठा उत्पन्न कसं काढतात आणि ते गावाला का कळत नाही, त्यावर एक स्वतंत्र संध्याकाळ लागेल. अध्यक्षांनी बोलावलं तर येईन.

मागणीपत्राचे छापील नमुने टेबलावर ठेवले आहेत, ग्रामसभेसाठी पिवळे आणि अर्जासाठी पांढरे. दिग्रसच्या गाडीवाल्यांनी आधी घ्या. आणि ज्या गावात 2 तारखेला वाचायला कोणी नसेल, त्यांनी जाताना वाचनालयाच्या वहीत गावाचं नाव आणि सभेची वेळ लिहून ठेवा. सकाळची सभा असेल तर मी एका गावाला पोचू शकतो, दुपारची असेल तर दुसऱ्याला. आवाज अजून चांगला आहे.